प्रभाकरने मिसळलेलं तेल

मंगळवारी सकाळी नऊ वाजता रामदासपेठेतल्या दवाखान्यात माझा धाकटा भाऊ प्रभाकर वारला. आदल्या रविवारी त्याने मोटरसायकलचं तेल बदललं होतं.

बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत तो फिटर होता. रोज साठएक किलोमीटर जाणं-येणं. इंजिनात त्याने एकाच डब्यातलं तेल कधी घातलं नाही. उन्हाळ्यात जाड तेल जास्त, थंडीत पातळ जास्त. दोन्ही मापाच्या भांड्यात हलवायचा, एक थेंब अंगठ्याने बोटावर चोळून पाहायचा आणि मग पुन्हा थोडं जाड ओतायचा. मी शाळेत मराठी शिकवलं. माझा विश्वास छापलेल्यावर. गाडीच्या पुस्तिकेत तेलाची एकच ग्रेड लिहिलेली आहे, असं मी दाखवलं की हसायचा. "दादा, छापणाऱ्याले मे महिन्यातलं नागपूर मालूम आहे काय? तू पुस्तकं वाच. इंजिन मले वाचू दे."

एकदाच तो चुकला. कुणीतरी दिलेलं कारचं महागडं तेल त्याने मिश्रणात घातलं. मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलाने तो घसरू शकतो, हे त्याला ठाऊक होतं. थोडंसं चालेल, असं वाटलं. उड्डाणपूल चढताना इंजिन ओरडू लागलं आणि गाडी मात्र मंदावत गेली. मी मागे बसलो होतो. माझ्या मागे ट्रक होता… कठड्याला लागून आम्ही कसे थांबलो, ते मला आजही सांगता येत नाही. ट्रक गेल्यावर प्रभाकरने इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "पोरीले सांगू नको गा."

मी सांगितलं नाही. तो गेल्यावर दोन आठवड्यांनी त्याची मुलगी प्रणाली किल्ली घेऊन समोर उभी राहिली. तिला बुटीबोरीतच नोकरी लागली होती.

"मोठेबाबा, उद्यापासून बाबाच्या गाडीनं जाते."

"आधी तेल बदलू."

"काहून? बाबानं आत्ताच तर टाकलं."

त्याने ते टाकलं त्या रविवारी मी अंगणात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. तेल ओतताना त्याचा हात थरथरत होता. मी पाहिलं आणि पान उलटलं. काय मिसळतो आहेस, हेही विचारलं नाही… त्याला दिलेला शब्द मोडून मी तिला पुलावरचं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बसा मागं. पाहूनच घेऊ."

त्याच पुलाचा चढ सुरू झाला तेव्हा तिने गिअर उतरवला, एक्सलरेटर पिळला. मी डोळे मिटून इंजिन ऐकत होतो. आवाज वाढला… आणि त्याच्याबरोबर वेगही. पूल उतरल्यावर ती म्हणाली, "आता खांदा सोडा मोठेबाबा, माझा आहे तो."

त्याच तेलावर तिने सहा आठवडे गाडी चालवली. तेल कायमचं टिकत नाही. काळं पडलं, तेव्हा गेल्या रविवारी आम्ही ते काढलं. तिने एक थेंब बोटावर चोळला, मीही चोळला. दोघांनाही त्यातलं काही कळलं नाही. दुकानातून नवा डबा आणला आणि तसाच ओतला.

प्रणाली सकाळी आठला निघते. पोहोचली की फोन करते. तोवर मी घराबाहेर पडत नाही.