पेन्सिलींना तेल

जपानी भाषेच्या परीक्षेला पहिल्यांदा बसले तेव्हा माझा देवावर फारसा विश्वास नव्हता, आणि स्वतःवर तर त्याहून नव्हता. नर्सिंग करून सोलापुरातल्या एका दवाखान्यात राबत होते. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची सेवा करायचं काम मिळतं, त्याची ही पहिली पायरी. ती चुकली की जपानीच्या क्लासमधल्या मुली पुढे जाणार आणि मी इथेच राहणार. वाचायचं कसंबसं जमायचं, पण ऐकण्याच्या पेपरचं नाव काढलं की मी वहीच मिटून टाकायचे. ती माणसं एकदाच बोलतात, तेही गाडी सुटत असल्यासारखी!

आत्या मात्र निश्चिंत. आईवडील गेल्यावर तिनेच मला वाढवलं. ती टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करते आणि सिद्धेश्वराला हात जोडल्याशिवाय चहाही पीत नाही. परीक्षेला पुण्याला जायचं म्हटल्यावर ही बाई पिशवी भरून माझ्याआधी तयार. आदल्या दिवशी तिने माझ्या पेन्सिली देव्हाऱ्यात मांडून त्यांची साग्रसंगीत पूजा केली. मी चिडून म्हटलं, “तुझ्या देवाला जपानी येतं होय?”

“त्याला समदं येतंय. तुला कुटं येतंय, ते बघ की,” ती म्हणाली. मी कप्पाळावर हात मारून पुस्तक उघडलं.

परीक्षेच्या खोलीत बसल्यावर एक पेन्सिल सहज प्रवेशपत्राच्या कोपऱ्यावर ओढून पाहिली, तर रेघेऐवजी तेलाचा डाग. दुसरी घेतली, तीही तशीच. सगळ्या तेलात न्हालेल्या, वर कुंकू. मग डोक्यात प्रकाश पडला. कारखान्यात माग सुरू करण्याआधी त्याला तेल देतात. आत्याने पूजेनंतर माझ्या पेन्सिलींनाही दिलं होतं, आणि चांगलं मन लावून दिलं होतं. इतका संताप आला म्हणून सांगू! डोळे मिटून मी मनात ओरडले, “सिद्धेश्वरा, तुझ्या भक्तिणीने घातलेला घोळ आता तूच निस्तर!” त्यात भक्ती औषधालाही नव्हती, शुद्ध भांडण होतं.

डोळे उघडले तर शेजारच्या बाकावरचे आजोबा दोन पेन्सिली पुढे करत होते. सकाळी रांगेत यांची ओळख झाली होती; बार्शीचे, सून जपानी, नातीशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून परीक्षा देणारे. “घे की पोरी,” ते म्हणाले, “मी दर वेळी नापास होतो, पण पेन्सिलींची तयारी माझ्यासारखी कुणाची न्हाय.” मला हसू आलं आणि मी पेन्सिली घेतल्या.

ऐकण्याच्या पेपरात व्हायचं तेच झालं, एक प्रश्न कानावरून गेला. एरवी मी त्याच्याच मागे धावते आणि पुढचे चारही घालवते. पण भांडून का होईना, भार एकदा सिद्धेश्वरावर टाकला होता. सुटलं ते तुझं, म्हटलं, आणि पुढचं ऐकत गेले. कशी गेले, मलाच ठाऊक नाही.

बाहेर आले तर आत्या फाटकापाशी तशीच बसून होती. चांगली झापायची ठरवलं होतं, पण तिचे डोळे सुजलेले दिसले. “इतका वेळ काय मागत होतीस गं?” मी विचारलं.

ती पदराने नाक पुसत म्हणाली, “पास कर म्हणावं तर तू लांब जाणार. नापास कर म्हणायला जीभ रेटंना. मला काय मागावं तेच कळंना बग. मग म्हणलं, बाबा, तिचं भलं कशात हाय ते तुलाच ठावं. माजं राहू दे.”

मी तिथेच, रस्त्यावर, तिच्या गळ्यात पडून रडले. पुढे निकाल लागला, मी पास झाले. पेढे आत्यानेच वाटले, गल्लीभर, हसत हसत. देवाने त्या दिवशी काय केलं, यावर मी वाद घालत नाही. एवढंच कळलं की मी एक प्रश्न सोडून दिला तर मला ते केवढं मोठं वाटलं होतं, आणि आत्याने तर मलाच देवावर सोडलं होतं. आता मीही रोज हात जोडते. मागत काहीच नाही, फक्त तिचं नाव घेते.