टाळ्या नकोत

पिंपरीच्या प्राइड मोर्चासाठी मी चाकणहून, कंपनीतली शिफ्ट संपवून आले होते. "ताई, तुम्ही तृतीयपंथी सगळ्या शेवटी चाला. आणि टाळ्या नकोत, लोक बिचकतात," एक गे कार्यकर्ता मला म्हणाला. माझं टाळकंच सरकलं. त्याच्या स्वतःच्या तोंडावर मास्क होता, ऑफिसात कळू नये म्हणून. मोर्चा ज्या बाजारातून जाणार होता, तिथंच आम्ही जन्मभर उघड्या तोंडानं वावरलो. पण शेजारी उभ्या माझ्या गुरूमाईनं माझा दंड दाबला, म्हणून शेवटी जाऊन उभी राहिले.

बाजारात पुढचा रस्ता खोदलेला निघाला. "मागं फिरा," पोलीस ओरडला. मोर्चा जागच्या जागी वळला आणि शेवटच्या आम्ही सगळ्यांच्या पुढे आलो. तोवर हातगाड्यांनी वाट अडवली होती. घोषणा कुणी ऐकेना. गुरूमाईनं पदर खोचला आणि बोटं ताणून अशी टाळी हाणली की सगळा बाजार वळून बघायला लागला. मग आम्ही सगळ्यांनी हाणल्या. हातगाड्या भराभर बाजूला झाल्या. फुलवालीनं आमच्यावर झेंडू उधळला. तिच्या नातवाच्या बारशाला आम्हीच नाचलो होतो.

तो कार्यकर्ता धापा टाकत माझ्याशेजारी आला. मास्क काढलेला होता.

"ताई, मलाही शिकवा ना ती टाळी."

"शिकवते की भावा," मी म्हणाले. "आधी माझ्या मागं चाल."