अ‍ॅम्प्लिफायरमधला करपा

वार रविवार, महिना पौष, वेळ दुपारच्या जेवणानंतरची. स्थळ: सुप्यातलं आमचं घर, पुढची खोली. उपस्थित: मी, माझी पत्नी सुनीता, मुलगी ऋतुजा, शिक्षण इंजिनिअरिंगचं आणि लक्ष गिटारमध्ये, आणि सोनईहून मुक्कामाला आलेले दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गैरहजर: माझी बहीण. दाजींना आवरू शकणारी ती पृथ्वीवरची एकमेव व्यक्ती असल्यामुळे ही नोंद महत्त्वाची आहे.

त्या दिवशी मी घरातल्या एका चालू वस्तूत सुधारणा केली.

आधी माझ्याविषयी थोडं. मी इथल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. आधी कागद, मग काम, ही माझी पद्धत. गॅसची टाकी कधी लावली ते आमच्या दारामागे लिहिलेलं असतं. सासुरवाडीला जाताना मी सामानाची यादी करतो आणि परत निघताना तिच्यावर खुणा करतो. (एकदा एक टॉवेल जास्त निघाला. तो आम्ही परत पाठवला. सासूबाईंनी तो आहेर म्हणून दिला होता, हे नंतर कळलं.)

तर ती वस्तू म्हणजे ऋतुजाचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर. शिकवण्या घेऊन तिने तो पुण्याहून जुना विकत आणला होता. आजकालच्या यंत्रांसारखा तो नव्हता. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व त्याच्या आत होते, आणि चालू केला की ते चुलीतल्या निखाऱ्यासारखे लालसर दिसायचे. शिवाय तो ‘हाय गेन’ होता. म्हणजे तारेवर माशी बसली तरी गल्लीला कळावं, इतका कानाने तिखट.

ऋतुजाची तक्रार वेगळीच होती. “पप्पा, सूर चांगला येतो, पण त्याला काटे आहेत. टोचतो कानाला.” ते काटे काढायचा उपाय तिने शोधून ठेवला होता: आतल्या एका बारक्या कंडेन्सरचा एक पाय तोडायचा आणि जमलं तर पहिला व्हॉल्व बदलून जरा मवाळ स्वभावाचा बसवायचा. बस. आणि हे त्याच दिवशी व्हायला हवं होतं, कारण संध्याकाळी पुण्याच्या एका बँडमधले दोघं जण तिचं वादन ऐकायला येणार होते. गाणारी सायली आणि ड्रम वाजवणारा निखिल. नगरहून परत जाताना वाटेत थांबणार, ऐकणार, आवडलं तर तिला बँडमध्ये घेणार. दोन वर्षं ती याच निरोपाची वाट बघत होती.

“म्हणजे बघायलाच येताहेत की,” असं म्हणून सुनीताने पोहे भिजवायला काढले.

ऋतुजा म्हणाली, ती स्वतःच करेल. मी म्हटलं, मी असताना? तिने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला आता कळतो. तेव्हा मी कागद आणायला गेलो होतो.

व्हॉल्वची जबाबदारी मी आधीच दाजींवर सोपवली होती. नगरमार्गेच यायचे होते ते. माळीवाड्यात एक जुना रेडिओवाला आहे, त्याच्याकडून व्हॉल्व आणा, नाव मोबाईलवर पाठवलंय, असं फोनवर सांगितलं होतं. दाजी मोबाईलवरचं वाचत नाहीत, आणि फोनवर स्वतःच्या सोयीचा शब्द तेवढा ऐकतात. आले ते हसतमुखाने पिशवी उपडी करत. आतून निघाले दोन इंची पाईपलाईनचे दोन व्हॉल्व, चिकटवायच्या सोल्युशनचा डबा, आणि वरून टेपची गुंडाळी.

“रेडिओवाला म्हनला माझ्याकडं न्हाई,” दाजी म्हणाले. “म्हनलं रेडिओवाल्याकडं कशाला आसतोय व्हॉल्व? पाव्हण्याची जीभ घसरली आसंल. मंग ठिबकवाल्याकडं गेल्तो. लई मजबूत हायेत.”

ऋतुजाने एक व्हॉल्व हातात घेतला, फिरवून पाहिला आणि परत पिशवीत ठेवला.

मी मात्र डगमगणाऱ्यातला नाही. व्हॉल्व नाही तर नाही, कंडेन्सर तर आहे! खोकं टेबलावर घेतलं, पिन काढली. या यंत्राच्या पोटात बंद केल्यावरही जीवघेणा करंट साठून राहतो, तो आधी नियमाने उतरवला, मीटरने तपासला. (दिवसभरात मी केलेलं हे एकमेव काम ज्यावर कुणाला काही बोलता आलं नाही.) मग ऋतुजाने बोट दाखवलं तो कंडेन्सर, त्याचा पाय, आणि माझी पक्कड. कट्. सुधारणा संपली.

इथेच मी झाकण लावलं असतं, तर आज तुम्हाला सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

पण सुनीताने पोह्यांसाठी कोथिंबीर निवडायला ऋतुजाला आत बोलावलं, आणि मी त्या उघड्या खोक्यासमोर एकटा राहिलो. आमच्या कारखान्यात एक नियम आहे, भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला: ‘जे लागत नाही ते काढा.’ दर महिन्याला आम्ही प्रत्येक मशीनवरची बिनकामाची वस्तू शोधतो, तिला लाल चिठ्ठी लावतो आणि बाहेर काढतो. या नियमासाठी माझा सत्कार झालेला आहे. आता मला सांगा, असा माणूस त्या खोक्यात डोकावला तर त्याला काय दिसणार? दोन व्हॉल्वच्या डोक्यावर पत्र्याच्या टोप्या! काचेला टोपी कशाला? थंडीसाठी? आणि गिटारची वायर जिथे खोचतात तिथून पत्र्याला नुसती जोडलेली एक विणलेली तार. काही नेत नाही, काही आणत नाही. जिचं काम मला समजत नाही तिला काम नसणारच, या आत्मविश्वासाने मी टोप्या काढल्या, तार सोडवली, तिन्ही वस्तूंना लाल चिठ्ठ्या लावून डब्यात ठेवल्या आणि झाकणाचे स्क्रू आवळले.

खोकं चालू केलं. घूंऽऽऽ!

असा घुमला, की खिडकीची काच त्याच सुरात थरथरू लागली. ऋतुजा कोथिंबिरीसकट धावत आली. मी म्हटलं, नवीन सेटिंग आहे, बसायला वेळ लागतो. दाजी डोळे मिटून तो आवाज ऐकत होते. मग त्यांनी निदान केलं.

“ह्याला अर्थिंग न्हाई लागत. आमची मोटार आशी कन्हायला लागली की आमी अर्थिंगला पानी पाजतो. मीठ हाय का घरात?”

सांगायला लाज वाटते, पण त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. आमच्या अर्थिंगचा खड्डा मागे कपडे वाळत घालायच्या दोरीखाली आहे आणि पाऊस गेल्यापासून तो कोरडाठाक होता. दाजींनी सुनीताची खडेमिठाची बरणी आणि धुण्याला भरून ठेवलेली बादली त्यात रिकामी केली. पाणी आमच्याकडे टँकरचं येतं. सुनीताने बरणीचं झाकण तेवढं माझ्या हातात दिलं.

आणि घूं थांबलं. एकदम स्वच्छ! दाजींनी मिशीवरून बोट फिरवलं. मी ऋतुजाकडे पाहून मान हलवली, म्हणजे ‘बघ’. आणि त्या पवित्र शांततेत अ‍ॅम्प्लिफायरच्या आतून एक पुरुषी आवाज अत्यंत अदबीने म्हणाला:

“...शेतकरी बंधूंनो, सध्याच्या ढगाळ हवामानात कांदा पिकाची रोगांपासून विशेष काळजी घ्यावी...”

आम्ही चौघंही खोक्याकडे बघत राहिलो. घूं होतं म्हणून रेडिओ ऐकू येत नव्हता. आता आम्ही मीठपाणी घालून त्याचा रस्ता मोकळा केला होता.

“पप्पा, आत काय केलंत?” ऋतुजा हळू आवाजात म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दाजींनी खुर्ची पुढे ओढली. “गप बसा सगळे. आता बाजारभाव सांगंल.” त्यांचा लाल कांदा नुकताच काढून झाला होता.

आणि दारात गाडी थांबली.

पुढचा काही वेळ नीट सांगणं अवघड आहे. सायली आणि निखिल चपला काढून आत आले, सुनीताने पोहे दिले, दाजींनी एक कान खोक्याकडे ठेवून निखिलला गाव, आडनाव आणि विहिरीला पाणी किती राहतं ते विचारलं. (निखिल कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पाणी सकाळी येतं, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.) ऋतुजाचा चेहरा उतरला होता. गिटार गळ्यात घालून ती मला एवढंच म्हणाली, “आता काय वाजवू? हवामान?”

तिने गेनचं बटण फिरवलं. कदाचित रागाने, पूर्ण. आणि निवेदकाचा तो अदबशीर आवाज त्या तापलेल्या व्हॉल्वमधून बाहेर पडताना विहिरीतून राक्षस बोलावा तसा फाटला:

“कऽऽरऽऽपाऽऽ!”

सायलीच्या हातातला चमचा खाली पडला. त्याच क्षणी ऋतुजाने तारांवर हात मारला, आणि त्या घनघोर सुराखाली राक्षस गर्जत राहिला: पातींवर, ठिपके, फवारणी! मग सूर आणखी चढला आणि राक्षस ऐकू येईनासा झाला, नेमका बाजारभावाच्या वेळी.

“भाव तर सांगू दे की बाय!” दाजी कळवळले.

ऋतुजा थांबली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी उठलो. पाहुण्यांना म्हटलं, चहा घ्या, किरकोळ काम आहे. खोकं आतल्या खोलीत नेलं, पिन काढली, पुन्हा सगळा करंट उतरवला, आणि बाहेरच्या लहरी अडवणाऱ्या त्या टोप्या व तार जिथल्या तिथे बसवल्या. कारखान्यात मशीन बंद पडलं की नुकसान मालकाचं होतं. इथे बाहेर माझी पोर बसली होती.

परत आणून चालू केलं. घूं नाही, शेतकरी बंधू नाहीत. ऋतुजाने एक तार छेडली, आणि काय सांगू, सुराचे काटे खरंच गेले होते! तोच दमदार आवाज, पण गूळ घातल्यासारखा. ती डोळे मिटून वाजवत राहिली. निखिलने मांडीवर ताल धरला, पुढे पोह्यांच्या ताटलीवर. संपल्यावर त्याने सायलीकडे पाहिलं, सायलीने त्याच्याकडे, आणि ती म्हणाली, “पुढच्या रविवारपासून प्रॅक्टिसला येशील ना?”

सुनीताने गूळखोबरं आणलं. दाजी म्हणाले, पसंती झाली, आता याद्या करून घ्या.

मग चपला घालता घालता सायली थबकली. “काका, तो आधीचा आवाज कसा काढलात? तो ‘करपा’ म्हणणारा? आमच्या नव्या गाण्याची सुरुवात तशीच हवी आहे. करपा म्हणजे नक्की काय, असुर आहे का कुणी?”

“आसुरच म्हना,” दाजी गंभीरपणे म्हणाले. “पातीवर बसतो आन् रान खातो.”

“परफेक्ट,” सायली म्हणाली, आणि मी छाती पुढे काढून, अगदी सोपं आहे, करून देतो, असा शब्द दिला.

त्या दिवसापासून मी टोप्या काढून पाहिल्या, तार सोडून पाहिली, दोन्ही एकदम करून पाहिलं. खोकं त्या दिवशीसारखं घुमतं, पण बोलत नाही. ऋतुजा दर शनिवारी विचारते, “पप्पा, झालं का?” अर्थिंगचा खड्डा पुन्हा कोरडा पडलाय, आणि सुनीताने मिठाची बरणी कपाटात कुलपाआड ठेवली आहे.

सध्याची स्थिती अशी. बाकी काम: अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा पहिल्यासारखा बिघडवणे. जबाबदारी: माझी. या क्षेत्रातला अनुभव: आयुष्यभराचा. प्रगती: नाही.