चारी पाय हवेत

फ्रान्समधल्या आर्ल शहराच्या दक्षिणेला, पाणथळ कुरणांत घोडे पाळणाऱ्या लोकांत ओनोरे वाल्येर जन्मला. बाप खोगिरं शिवायचा. पोराला मात्र वेड घोड्याच्या पायांचं. पुढे लग्नाबारशांचे फोटो काढून त्याचा संसार चालला, पण एक प्रश्न काही डोक्यातून जाईना. भरधाव घोड्याचे पाय पडतात तरी कसे? डोळ्यांना ते दिसतच नाहीत.

चाळिशीत त्याने सुतारकाम करणाऱ्या मेहुण्याकडून बारा कॅमेरे बनवून घेतले. वाटेच्या कडेला ते ओळीने मांडले आणि एकेकाच्या झडपेला बांधलेला दोरा वाटेवर आडवा ताणला. घोड्याच्या छातीने दोरा तुटला, की झडप उघडून मिटणार. गुरं राखणारा सिप्रियाँ आपली पांढरी घोडी घेऊन आला.

"काय रे ओनोरे, माझ्या घोडीला जाळं लावलंयस का?"

"तू नुसती दौडव तिला!"

दोरा मासेमारीचा, चिवट. तो तुटलाच नाही. घोडी तीन कॅमेरे फरफटत दलदलीत घेऊन गेली. बघायला जमलेला गाव पोट धरधरून हसला. ओनोरेची बायको देल्फीन घरात गेली आणि शिवणाचं रीळ आणून तिने त्याच्या हातात कोंबलं.

"हा दोरा घे. माझ्या हातात तर नुसता बघितला तरी तुटतो मेला."

कॅमेरे दुरुस्त झाल्यावर घोडी पुन्हा दौडली. या खेपेला झडपा टपाटप पडत गेल्या. अंधाऱ्या खोलीत ओनोरे फोटोची एकेक काच धुऊन उजेडाकडे धरू लागला. एका काचेवर घोडीचे चारी पाय पोटाखाली गोळा झालेले, आणि खाली नुसतं गवत. जमिनीला एकही खूर नाही! तो बाहेर येऊन उंबऱ्यावर बसला.

मग त्याने ती चित्रं ओळीने एका उभ्या फटी पाडलेल्या पिंपात आतून चिकटवली आणि पिंप गरकन फिरवलं. सिप्रियाँने फटीला डोळा लावला. आत घोडी दौडत होती. त्याने हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"आयला! जन्म गेला माझा हिच्या पाठीवर. आणि ही उडते, ते मला आज कळतंय."

मरेपर्यंत ओनोरे तेच करत राहिला. समुद्रपक्षी, बिथरलेले बैल, चादर झटकणारी देल्फीन. एकदा गावचे पाद्रीबाबा लाजत लाजत आले, झगा वर खोचला आणि ओढ्यावरून उडी मारली. काचेत स्वतःला अधांतरी पाहून ते एवढंच पुटपुटले, "देवा, मी इतका हलका होतो?"