आत्या भांडली

काल सकाळी माझी आत्या दारात आलेल्या कोळणीशी कडाडून भांडली, आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बांगड्याचे कल्ले उघडून ती म्हणाली, "हा आजचा? डोळे बघ त्याचे!"

गेली काही वर्षं तिचेच डोळे असे विझलेले होते. आतोबा गेले तेव्हा झोप लागेना, म्हणून कुणीतरी तिला एक गोळी दिली होती. पुढे रिकामी पट्टी औषधाच्या दुकानात दाखवायची आणि "हीच द्या" म्हणायचं, एवढंच चालत राहिलं. ती दिवसा पेंगायची, चालताना तिचा तोल जायचा, नातवंडांची नावं विसरायची. सगळे म्हणायचे, वय झालं.

माझ्या सासऱ्यांचंही वय झालंच आहे की! पण त्यांचे पुण्यातले डॉक्टर दर भेटीला सगळ्या गोळ्या बघतात, नको ती काढून टाकतात. शहरातल्या निवृत्त साहेबांना विचारतात आणि गावातल्या विधवेला नुसती गोळी देतात, याचा मला अजून राग येतो.

यंदा तालुक्याला आलेल्या नव्या डॉक्टरबाईंनी आत्याला विचारलं, "ही कशासाठी घेता?" आठवत मागे गेलो तेव्हा कळलं, आतोबा गेले तेव्हाच्या झोपेसाठी. त्यांनी ती गोळी हळूहळू कमी करत बंद केली. आणि आमची आत्या परत आली, आवाजासकट.

कोळीण शेवटी हसली. "आजी, इतकी वर्षं कुठं होतात तुम्ही?"

"इथंच होते," आत्या म्हणाली. "झोपवून ठेवलं होतं मला."

आणि तिनं दुसऱ्या बांगड्याचे कल्ले उघडले.