पुसलेली त्रेसष्ट घरं

चित्रकार फूलमती दीदी नसत्या तर आज मी उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या या वर्कशॉपमध्ये नसतो. हे आधी लिहितो, कारण पुढे जे आहे ते माझ्या चुकीचं आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्या खोटेपणाचं आहे.

"काहून रे नितेश, हे टिपके कुठं गेले?" शॉपचे मालक आष्टीकर साहेब, त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. फोन स्पीकरवर होता. कापलेल्या पॅनलचा फोटो पाहून पलीकडून दीदी विचारत होत्या, "सर, पैनल तो सुंदर है. पर गाँव कहाँ गया?"

मी प्लाझ्मा कटिंगची मशीन चालवतो. वीज आणि दाबाची हवा यांच्या धारेनं लोखंडाची प्लेट कापली जाते. कॉम्प्युटरमधल्या चित्राप्रमाणे नोझल फिरतं. कापण्याआधी ऑपरेटर चित्र साफ करतो, म्हणजे स्कॅनमध्ये आलेले डाग काढतो. आणि एक नियम असा की प्लेटच्या जाडीपेक्षा लहान होल प्लाझ्मानं कापायचा नाही, तो फाटतो.

धरणाच्या तलावाकाठी लावायचा पॅनल होता. पाण्याखाली गेलेल्या गोंड गावांची आठवण म्हणून एका संस्थेनं दीदींकडून चित्र काढून घेतलं होतं. नदी, मासे, सालवृक्ष आणि काठाकाठानं बारीक टिपके. प्लेट दहा एमएमची, टिपके सहाचे. मी सगळे टिपके निवडले आणि एका बटणात उडवले. फाईल त्याच नावानं सेव्ह केली, म्हणजे मूळ चित्र गेलं. कोपऱ्यात इंग्रजीत एक ओळ होती; टिपके काढू नका असं त्यात होतं, हे नंतर कळलं. मी नववीतून शाळा सोडलेली. कुणाला वाचायला सांगायची लाज वाटली.

आता साहेब उत्तराची वाट बघत होते. घर इथून दीड दिवसाच्या प्रवासावर, तिकडे आई माझ्या पगारावर. मी म्हणालो, "साहेब, फाईलमध्ये नव्हतेच."

साहेब फोनवर कडक झाले. "मॅडम, फाइल ही आपने अधूरी भेजी है. पाँच दिन बाद उद्घाटन है, अब बताइए."

दुसऱ्या दिवशी दीदी बसनं आल्या. पन्नाशीच्या, हातात कापडाची गुंडाळी. कापडावर मूळ चित्र होतं, सगळ्या टिपक्यांसकट. त्यांनी ते प्लेटवर अंथरलं, मग माझ्या स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्यांना कळलं होतं.

"ये छेदा नोहय बाबू," त्या हळू म्हणाल्या. "घर आय." होल नाहीत, घरं आहेत. संध्याकाळी सूर्य पॅनलच्या मागे गेला की त्यातून उजेड जमिनीवर पडणार होता, जसा पूर्वी काठावर दिवे लागल्यावर दिसायचा. बुडालेल्या गावांतले म्हातारे त्या दिवशी आपापलं घर शोधायला येणार होते.

उपाय एकच होता, ड्रिल. दीदी प्लेटवर मांडी घालून बसल्या आणि कापड बघून खडूनं खुणा करू लागल्या. मी खुणेवर पंच ठोकून खळगा पाडायचो, मग ड्रिल लावायचो. प्रत्येक खुणेला त्या घरवाल्याचं नाव सांगायच्या. एका जागी दोन टिपके अगदी जवळ होते.

"दीदी, ये एक ही है क्या?"

"दो भाई हैं. बनती नहीं थी. पास रखना, पर चिपकाना मत, वहाँ भी लड़ेंगे."

मी हसलो आणि लगेच वाईट वाटलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हारा घर कहाँ है?"

"रायगड में, खाडी के किनारे."

"अभी है?"

"है."

"अच्छा है," म्हणाल्या आणि पुढची खूण केली.

दोन दिवसांत त्रेसष्ट होल झाले. प्लेट ट्रकवर चढताना साहेब त्यांना म्हणाले, "अगली बार फाइल पूरी भेजना मॅडम."

"जी," दीदी म्हणाल्या. एवढंच.

त्या 'जी'नंतर मला राहवलं नाही. "साहेब, फाईल पूर्ण होती. मी उडवले."

"अन् दोन दिवस गप्प बसून राहिला? बाईले काय काय बोललो मी. उद्यापासून येऊ नको."

दीदी मध्ये पडल्या. "रहने दो सर. अब इसको सबके घर मालूम हैं. दूसरा आएगा तो फिर से बताना पड़ेगा."

साहेबांनी मला ठेवलं. दीदींची माफी मात्र त्यांनी मागितली नाही. मीही नीट मागितली नाही, नुसतं त्यांचं कापड घडी करून दिलं.

उद्घाटनाचा फोटो दीदींनी पाठवला. एक म्हातारी एका होलावर बोट ठेवून उभी आहे. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा आठवलं, दीदींच्या कापडावर एकही टिपका दुसऱ्यासारखा नव्हता. ड्रिलनं सगळे एकसारखे गोल केलेत. ते आता तसेच राहणार.

शिकलो ते साधं आहे. न कळलेलं पुसायच्या आधी विचारावं. विचारायला एक मिनिट लागलं असतं.

तलावाच्या समोरच्या काठाकडच्या बुडालेल्या गावांचं चित्र दीदींनी काढायला घेतलंय. त्यासाठी पैसा देणारं अजून कुणी नाही. जेव्हा कधी ते होईल तेव्हा सुट्टीच्या दिवशी, फुकट, मी ते कापीन. प्रत्येक घर कानशीनं त्यांच्या टिपक्यासारखं वाकडं करीन, आणि कुणाचं आहे ते विचारूनच.