धबधब्यासाठी रजा

मुलांनी शाळा बुडवली की अर्जात ताप लिहायचा, हा आमच्या घरचा जुना रिवाज. लग्न असो की उरूस, कारण एकच. म्हणून ऑगस्टातल्या एका शुक्रवारी मीही मुलीच्या वहीचं पान फाडून "ताप आल्यामुळे" असं लिहिलं. खरं तर आम्ही तिघं नांदेडहून सकाळच्या गाडीनं इस्लापूरकडं, सहस्रकुंडाचा धबधबा बघायला निघालो होतो.

चौथीतल्या लेकीनं अर्ज वाचला. "पप्पा, मला ताप कुठं हाय?"

मी तडकलो. "मग लिही तूच!"

तिनं खरंच लिहिलं: "मे महिन्याच्या सुट्टीत धबधब्याला पाणी नसतं, म्हणून मी आज जात आहे." आणि कागद शेजारच्या मैत्रिणीकडं देऊनही टाकला. बायको हसत सुटली. शाळेतली बोलणी मलाच खावी लागणार होती, त्यामुळे मी मुदखेड येईपर्यंत गाडीत धुसफुसत बसलो.

धबधब्यापाशी मात्र पाण्याचा असा आवाज होता की लेक शेजारी उभी राहून ओरडत होती आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. भिजून, भजी खाऊन, खुशीत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. खाली लाल शाईत वर्गाच्या मॅडमचा शेरा होता:

"मंजूर. माझ्या मुलांना मी दोनदा नेलं, दोन्हीदा मे महिन्यात. आम्ही फक्त दगड बघितले."